वॉशिंग मशीन चावतंय? मशीन बदलण्याआधी अर्थिंगचा खड्डा बघा

"भाऊ, मशीन परत चावायला लागलंय."

दर एप्रिलला हे वाक्य मला जिन्यात ऐकू येतं. समोरच्या वहिनींचं वॉशिंग मशीन, मग खालच्या काकांचा फ्रिज, मग कुणाच्या तरी मुलाच्या कॉम्प्युटरचा डबा. ओले कपडे काढताना मनगट ड्रमच्या कडेला टेकलं की झिणझिण्या. कोरड्या हाताला काही नाही, ओल्या हाताला मुंग्या. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की तक्रार आपोआप बंद होते आणि पुढच्या एप्रिलपर्यंत कुणाला आठवतही नाही.

आमची बिल्डिंग नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळ. खाली पार्किंग, वर तीन मजले, जिन्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा फ्लॅट. मी आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, सातपूरला एका कारखान्यात २२ वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेली. तरी ही गोष्ट तीन उन्हाळे डोळ्यांदेखत चालू होती आणि मी "मशीनवाल्याला बोलवा" एवढंच सांगत होतो, हे आधीच कबूल करतो. मशीनवाला दोनदा आला. पहिल्यांदा फिल्टर बदलून गेला. दुसऱ्यांदा "तुमच्याकडे अर्थिंग नाही" म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. खरं सांगायचं तर त्याचं दुसरं वाक्य बरोबर होतं. अर्थिंग म्हणजे उपकरणाचा पत्रा सॉकेटमधल्या तिसऱ्या वायरने खाली खड्ड्यात, जमिनीशी जोडणं. आम्ही कुणी त्याचं म्हणणं मनावर घेतलं नाही, कारण सॉकेटमध्ये तिसरी वायर दिसत होती. हिरवी, छान पिळून बसवलेली.

या वर्षी मात्र प्रकरण झिणझिण्यांवर थांबलं नाही. सकाळी साडेसहाला वहिनींचा हात मशीनवरून असा झटकला गेला की कपड्यांची बादली जिन्यापर्यंत आली. पायात प्लास्टिकच्या चपला होत्या म्हणून तेवढ्यावर निभावलं.

आता शॉक बसतो म्हणजे काय होतं, ते आधी. हे नीट कळलं नाही तर पुढची तपासणी म्हणजे अंधारात चाचपडणं आहे.

बहुतेकांच्या डोक्यात गच्चीवरच्या टाकीचं चित्र असतं. टाकी उंचावर, नळ उघडला की पाणी खाली, संपलं. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपिअर म्हणजे नळातून येणारी धार. इथपर्यंत हे चित्र चालतं. पण नळातून पडलेलं पाणी टाकीकडे परत जात नाही, आणि करंटला परत जावंच लागतं. त्यापेक्षा सायकलची चेन डोळ्यापुढे आणा. वरून जेवढी पुढे सरकते तेवढीच खालून मागे येते, आणि एक कडी तुटली की सगळीच थांबते. घरात येणारा करंट फेजच्या वायरमधून येतो, उपकरणातून जातो आणि न्यूट्रलच्या वायरमधून कोपऱ्यावरच्या डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, परत जातो. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही ते याचमुळे. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, त्याच्यातून पलीकडे जायला वाटच नसते.

मग आपण तर एकाच गोष्टीला हात लावतो, आपल्याला शॉक का? कारण डीपीचा न्यूट्रल तिथल्या जमिनीत पुरलेला असतो. म्हणजे जमीन हीसुद्धा परतीची एक वाट झाली. "करंट जमिनीत मुरतो" असं आपण बोलतो, पण तो मुरत नाही, जमिनीतून डीपीकडेच परत जातो. फेज हाताला, जमीन पायाला, आणि मधली कडी आपण.

"पण भाऊ, मी तिसऱ्या मजल्यावर, जमीन कुठे?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. स्लॅबमध्ये सळया आहेत, सळया कॉलममधून पायापर्यंत गेल्यात आणि काँक्रीट कधीच पूर्ण कोरडं नसतं. ओल्या बाथरूममध्ये अनवाणी उभा असलेला माणूस कितव्याही मजल्यावर असला तरी बऱ्यापैकी जमिनीवरच असतो.

किती करंट गेला यावर सगळं ठरतं. सुमारे १ मिलिअँपिअरला झिणझिणी कळते. १० च्या पुढे हाताचे स्नायू आवळतात. बोटं मिटवणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा दांडगे, म्हणून हात वस्तू सोडत नाही. लोक म्हणतात "करंटने खेचून धरलं", पण धरलेलं असतं आपल्याच हाताने. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅलझिल यांनी चक्क स्वयंसेवकांवर प्रयोग करून हा आकडा मोजला होता. पुरुषांना सरासरी १६ मिलिअँपिअरपर्यंत आणि स्त्रियांना साडेदहापर्यंत हात सोडवता आला. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून सेकंदभर गेले तर हृदयाचा ठोका विस्कटू शकतो.

कोरड्या, राठ कातडीचा अडथळा हजारो ओहम असतो. ओल्या अंगाचा हजार-दीड हजारावर येतो. २३० व्होल्टला दीड हजाराने भागा. उत्तर १५३ मिलिअँपिअर. म्हणजे ०.१५ अँपिअर, ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब घेतो त्याच्याहूनही कमी. आणि तुमच्या बोर्डातला एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, १६ अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने घरात कुणीतरी एक बल्ब लावला, एवढंच. "आमच्याकडे नवीन एमसीबी आहेत" असं कुणी निर्धास्तपणे सांगितलं की मला हा हिशेब आठवतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही.

बरं, मशीनच्या पत्र्यावर करंट आलाच कुठून? इथे दोन वेगळी कारणं आहेत, आणि आमच्याकडे दोन्ही एकावर एक बसलेली होती. म्हणूनच शोधायला वेळ लागला.

पहिलं कारण म्हणजे दोष नसलेला दोष. आजच्या वॉशिंग मशीनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये आत एक फिल्टर असतो. त्यात फेज आणि बॉडीच्या मधे एक छोटा कपॅसिटर, न्यूट्रल आणि बॉडीच्या मधे दुसरा. त्यातून थोडा करंट, मिलिअँपिअरच्या आगेमागे, अर्थिंगच्या वायरमध्ये सतत सुटत असतो. तो तसा सुटावा अशीच रचना आहे. अर्थिंग धड असेल तर कुणाला कळतही नाही. अर्थिंग तुटलं की बॉडी दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकते आणि तिच्यावर साधारण निम्मं व्होल्टेज, शंभर-सव्वाशे, उभं राहतं. मागे जोर नसतो, म्हणून फक्त झिणझिण्या. नवीन मशीन आणा, तेही चावेल.

दुसरं कारण म्हणजे खरा दोष. गिझरच्या कॉइलचं आवरण तडकणं, मोटारीच्या वायंडिंगचं इन्सुलेशन जाणं, उंदराने कुरतडलेली वायर पत्र्याला टेकणं. इथे मागे पूर्ण डीपीचा जोर असतो.

दोन्हींत फरक कसा ओळखायचा? टेस्टरने नाही. टेस्टरमधला निऑन इतक्या कमी करंटवर पेटतो की तो झिणझिण्यांवरही पेटेल आणि जीवघेण्या फेजवरही. आणि पेटला नाही म्हणजे सुरक्षित, असंही नाही. भर उन्हात गॅलरीत उभं राहून टेस्टर बघणाऱ्याला तर तो पेटलेलाही दिसत नाही.

एक साधा मल्टीमीटर घ्या. एसी व्होल्टवर, वरच्या रेंजला. चपला घालून, हात कोरडे करून, प्रोब प्लास्टिकला धरून. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वरचं मोठं भोक अर्थ. तीन मापं घ्यायची. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट, फार तर पाच. तेवढं जमत नसेल तर वायरमनला बोलवा, पण माप तुमच्यासमोर घ्यायला सांगा आणि आकडा लिहून ठेवा.

आमच्याकडे दुपारी आलेले आकडे: फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ १३८, न्यूट्रल-अर्थ ९४. म्हणजे हिरवी वायर सॉकेटमध्ये आहे, पण पुढे जमिनीशी तिचं काही नातं नाही. मग मी आमच्या फ्लॅटचे सगळे एमसीबी पाडले. पंखा बंद, फ्रिज बंद, मशीनचा प्लगच काढलेला. न्यूट्रल-अर्थ तरीही ९१.

हा आकडा बघून मी स्टुलावरच बसलो. माझ्या घरातलं काहीच चालू नाही आणि माझ्या अर्थच्या भोकात ९१ व्होल्ट. म्हणजे ते येतात शेजाऱ्यांकडून. आमच्या बाजूच्या सहाही फ्लॅटना मीटर रूममधून एकच फेज आणि एकच अर्थिंगची वायर वर येते. खाली ती जमिनीशी तुटली असेल तर सहा घरांचे पत्रे एकमेकांना जोडलेले आणि सगळे मिळून हवेत. एकाच्या घरातला दोष दुसऱ्याच्या मशीनवर, तिसऱ्याच्या फ्रिजवर. अर्थिंगची वायर संरक्षण द्यायचं सोडून करंट घरोघरी वाटत होती.

सकाळचा झटका अजून उरला होता. दुसऱ्या दिवशी सहा वाजता मीटर घेऊन बसलो. सहा ते सहा वीस, ९० च्या घरात. मग एकदम १९०. सात वाजता पुन्हा ९०. एवढ्या वेळेत कुणाकडे काय चालू होतं? गिझर. पहिल्या मजल्यावर विचारलं, तर आजोबांना उन्हाळ्यातही कोमट पाणी लागतं. गिझरचा स्विच बंद-चालू करून बघितला, माझ्या घरचा आकडा त्याच्याबरोबर नाचत होता. कॉइल बाहेर काढली तर पांढऱ्या क्षाराच्या पापुद्र्याखाली नखाएवढी चीर.

त्यांच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, होता. होता म्हणजे डबा होता. दिवाळीच्या सुमारास तो सारखा पडायला लागला, म्हणून कुणा वायरमनने "खराब झालाय" म्हणत डायरेक्ट करून दिला, म्हणजे त्याला वगळून वायर सरळ जोडून टाकली. तो खराब नव्हता. कॉइल तेव्हाच गळायला लागली होती आणि तो बिचारा तेच ओरडून सांगत होता. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. हिशेबात ३० मिलिअँपिअर कमी आले की ते कुठल्यातरी भलत्या वाटेने गेले असं धरून लाइन तोडतो. सायकलच्या चेनची एक बाजू ढिली पडली की ओळखणारा तो माणूस. अर्थिंग नसलं तरी काम करतो, पण मग पडतो तो तुम्ही हात लावल्यावर. अर्थिंग असेल तर हात लावायच्या आधीच.

आता खड्डा. पार्किंगच्या कोपऱ्यात, झाकणावर कुणाची तरी मोडकी सायकल. झाकण काढलं तर आत काळी माती सुकून, तडकून, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) पट्टीपासून बोटभर लांब गेलेली. पट्टी हलवली तर हातातच आली. जिथे ती मातीत शिरते तिथे गंजून आरपार तुटली होती, खालचा तुकडा आणि पाइप नुसतेच पडलेले. वर मात्र हिरवा रंग ताजा.

एप्रिलचं कोडं इथे सुटलं. आपल्याकडची काळी माती ज्यांनी शेतात पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पावसाळ्यात फुगून चिकटते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगेत काठी जाते. पावसाळ्यात ओली माती पट्टीच्या तुटक्या टोकाला चिकटत होती. नीट अर्थिंग नव्हे, पण फिल्टरचे चार-सहा मिलिअँपिअर निघून जायला पुरेसं. हिवाळाभर ओल टिकायची. एप्रिलमध्ये माती टोकापासून सुटली की मशीन चावायला सुरुवात. आणि शॉक म्हणजे पावसाळ्यातला प्रकार अशी सगळ्यांची ठाम समजूत, त्यामुळे उन्हाळ्यात खड्डा उघडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

नवीन खड्डा आम्ही जुन्याच्या शेजारी केला. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती मीठ आणि कोळसा, वर पाणी ओतायला नरसाळं. खाली कातळ फार वर लागला असता तर पाइप उभा गेला नसता, मग पट्टी आडवी पुरावी लागते. आमच्याकडे मुरमात उतरला. अर्थ टेस्टरवर ३ ओहम आले. माझ्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ १.२.

तीन ओहमवर खूश होऊन आरसीसीबी नको असं मात्र कुणी समजू नका. खड्डा सुकत सुकत २० ओहमवर गेला असं धरा. गिझरचा फेज थेट बॉडीला लागला तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी पडणार नाही. बॉडीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज उभं राहील आणि अडीच किलोवॅटहून जास्त वीज रात्रंदिवस जमिनीत जाईल. एखाद्या महिन्यात बिल कारण नसताना फुगलं तर हेही तपासा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी इथे पापणी लवायच्या आत पडतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. नाही पडला तर बदला.

आणि सारखा पडत असेल तर काढू नका, शोधा. सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी वर करत या. ज्यावर पडेल त्या लाइनवरचे प्लग काढून पुन्हा. प्लग सगळे काढूनही पडला तर बहुधा दोन लाइनचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेत. जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास असतं. जिन्यातल्या दिव्याचा न्यूट्रल कुणाच्या तरी घरातून घेतलेला मी स्वतः सोडवलाय.

काही "उपाय" बघितले की माझं डोकं फिरतं. एक म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडणं. झिणझिण्या तत्काळ बंद, वायरमन हुशार. पण बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की चालू असलेल्या बल्बमधून, पंख्यातून फेज थेट तुमच्या फ्रिजच्या पत्र्यावर. ओळखायची खूण अशी: गिझर किंवा इस्त्री लावून न्यूट्रल-अर्थ मोजा. थोडं वाढायला हवं. कितीही लोड टाकला तरी काटेकोर शून्यच दिसत असेल तर बोर्ड उघडून घ्या. दुसरा उपाय, अर्थची वायर नळाला बांधणं. लोखंडी पाइप होते तेव्हाही ते चूकच होतं, आता प्लास्टिकच्या पाइपांत तर नुसता नळ चार्ज करून ठेवल्यासारखं. तिसरा, तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा अडॉप्टर. अर्थची पिन मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते, घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. अडॉप्टरवाला तीच वगळतो.

आणखी एक, हे वायरमन मंडळींसाठी. फेज आणि अर्थच्या मधे १०० वॅटचा बल्ब लावून अर्थिंग बघायची आपली जुनी सवय. अर्थिंग शाबूत असेल तर ठीक. तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून तुम्ही बिल्डिंगभरच्या पत्र्यांवर फेज सोडता. बल्ब पेटत नाही, आणि थंड फिलामेंटचा अडथळा जेमतेम ४० ओहम. वरच्या मजल्यावर त्याच क्षणी कुणी फ्रिज उघडला तर? आधी मीटर, मग बल्ब.

हिवाळ्यात गाडीतून उतरताना दरवाजाला हात लावल्यावर चटका बसतो, त्याबद्दलही विचारतात. ती कोरड्या हवेतली घर्षणाची वीज, क्षणात संपणारी. तिचा यातल्या कशाशी संबंध नाही.

कुणी शॉक लागून चिकटलेला दिसला तर आधी मेन बंद. मेन सापडत नसेल तर कोरडी काठी, प्लास्टिकची खुर्ची, धातूचं नसलेलं काहीही कोरडं वापरून वायर किंवा माणूस बाजूला करा. हात लावलात तर चेनमधली पुढची कडी तुम्ही. श्वास चालू नसेल तर १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा आणि स्वतः छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. उठून बसला, बोलायला लागला, तरी जोराचा शॉक असेल तर दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.

आता एप्रिल-मेमध्ये दर रविवारी खड्ड्यात दोन बादल्या पाणी जातं. पाळी लावली आहे, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी आपला नंबर कधी चुकवला नाही. मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने न्यूट्रल-अर्थचा आकडा लिहितो. शेवटची ओळ १.४ आहे. वहिनींचं मशीन तेच जुनं आहे, फक्त मशीनवाल्याने बदललेला फिल्टर नवा.